दूरचे नाते टिकते का? एकत्र येण्याच्या तारखेपासून सुरू होणारी तयारी

दूर राहून प्रेम टिकते का, असे मला विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात खरे तर दुसराच प्रश्न असतो: हे असे अजून किती दिवस? मी पुण्यात आणि माझा आताचा नवरा म्यूनिकमध्ये, अशी दोन वर्षे चार महिने आम्ही काढली, आणि त्यातले शेवटचे चार महिने तर लग्नानंतरचे होते. त्याच काळात ओळखीतली तीन जोडपी दुरावली आणि दोन जोडप्यांची लग्ने झाली. हे सगळे जवळून पाहिल्यावर नाते मोडण्याचे कारण किलोमीटरमध्ये शोधू नये, असे माझे मत झाले आहे. पुणे-नागपूर मोडलेले मी पाहिले आहे आणि पुणे-सिएटल टिकलेलेही पाहिले आहे. ज्यांच्याकडे एकत्र येण्याची तारीख होती, मग ती कच्ची का असेना, त्यांनी बाकीच्या अडचणी कशाबशा निभावून नेल्या. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांचा प्रत्येक वाद फिरून त्याच जागी येऊन थांबला.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. मुंबईच्या गिरण्या भरात असताना रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे हजारो पुरुष गिरणगावातल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर पाठवत. बायको-मुले गावाकडे असत. कोकणातल्या चाकरमान्याच्या संसारात गणपती आणि शिमगा हे भेटीचे दिवस असत. ती लग्ने टिकली, परंतु त्यामागे समाजाचा धाक होता, सामायिक शेती होती आणि बाईला बहुतेक वेळा दुसरी वाटच नव्हती. म्हणून ‘आजीने काढलेच की’ हा दाखला आजच्या जोडप्याला लावणे अन्यायाचे आहे. त्या व्यवस्थेतून घेण्यासारखे एवढेच की पुढची भेट कधी, हे दोघांनाही ठाऊक असे.

संशोधनातही उत्तर बरेचसे आशादायक आहे. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६३ जोडप्यांच्या आठवडाभराच्या दैनंदिन नोंदी तपासल्या. दूर राहणाऱ्यांमधली जवळीक कमी भरली नाही, उलट अधिक भरली, कारण ते मनातले जास्त मोकळेपणाने सांगत होते. मात्र त्याचबरोबर ते जोडीदाराच्या वागण्याला मनातल्या मनात उजळा देत होते, हेही त्याच नोंदींतून दिसले. या उजळ्याची किंमत नंतर मोजावी लागते. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ज्या नात्यांचा अभ्यास केला, त्यांपैकी एका गावात राहायला आलेल्या जोडप्यांतली सुमारे एकतृतीयांश जोडपी तीन महिन्यांच्या आत वेगळी झाली. दूर असताना टिकलेले नाते जवळ आल्यावर मोडू शकते, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी: आपले नाते कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा

पहिला प्रकार म्हणजे ज्याचा शेवट आधीच ठरलेला आहे असा दुरावा: दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, ठरावीक मुदतीचा बाँड, कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलेले ऑनसाइट काम. मर्चंट नेव्हीतल्या माणसांचे नातेही यातच येते. बाहेरून ते सर्वांत कठीण वाटते, कारण खोल समुद्रात फोन कधी लागेल याचा भरवसा नसतो. पण करार किती महिन्यांचा आहे आणि साइन-ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, साधारण केव्हा, हे घरच्यांना माहीत असते, त्यामुळे कॅलेंडरवर दिवस खोडता येतात. दुसरा प्रकार उघड्या टोकाचा: एकाची नोकरी बंगळुरूला, दुसऱ्याची ठाण्याला, दोघेही कायम, आणि ‘बघू पुढे’. हा लेख मुख्यतः याच मंडळींसाठी आहे, कारण पहिल्या प्रकारातले लोकही पदवी मिळाली की पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात सरकतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे इंटरनेटवर ओळख झालेली, पण प्रत्यक्ष भेट एकदाही न झालेली. अशांनी पुढच्या पायऱ्यांना हात लावण्याआधी भेटावे. शक्यतो आपल्याच शहरात, दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी आणि घरातल्या किंवा मैत्रीतल्या एकाला सांगून. समोरचा माणूस व्हिडिओ कॉल सतत टाळत असेल, किंवा ‘तुझ्यासाठी पाठवलेले पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, तेवढे शुल्क भर’ असे सांगत असेल, तर तेथे प्रेम नाही, धंदा आहे. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी पायरी: तारीख आणि शहर कागदावर लिहा

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि म्हणूनच ती शेवटपर्यंत पुढे ढकलली जाते. दोघांनी एक दुपार मोकळी काढावी, फोनवर नव्हे तर प्रत्यक्ष भेटीत काढता आली तर उत्तमच, आणि तीन प्रश्नांची उत्तरे आधी स्वतंत्रपणे लिहून मग एकमेकांना दाखवावीत. कोणत्या शहरात राहायचे? कोणी हलायचे? कोणत्या महिन्यापर्यंत? आधी स्वतंत्रपणे लिहिण्याला कारण आहे. बोलता बोलता आपण समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर बदलतो. लिहिताना तसे होत नाही. आम्ही पहिल्यांदा लिहिले तेव्हा त्याच्या कागदावर ‘दोन वर्षांत पुण्यात परत’ असे होते आणि माझ्या कागदावर ‘एका वर्षात मी तिकडे’ असे होते. म्हणजे दोघेही एकमेकांसाठी त्याग करायला निघालो होतो आणि ते एकमेकांना सांगितलेच नव्हते.

‘कोणी हलायचे’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे न विचारताच दिले जाते: मुलीने. दोघांनी मिळून, डोळे उघडे ठेवून तसे ठरवले तर त्यात वावगे काही नाही, परंतु गृहीत धरले गेले तर त्याचा हिशोब पाच वर्षांनी भांडणात निघतो. निर्णय घेताना फक्त पगार पाहू नये. कोणाचे काम दुसऱ्या शहरात सहज मिळते, कोणाच्या आईवडिलांना आज किंवा नजीकच्या काळात आधार लागणार आहे, कोणाला भाषा नव्याने शिकावी लागेल, आणि हलणाऱ्याला नव्या गावात जोडीदाराखेरीज एक तरी ओळखीचे माणूस असेल का, हेही पाहावे. वकील, शिक्षक, डॉक्टर यांच्या बाबतीत पात्रता आणि परवाना दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही. संगणक क्षेत्रातल्या जोडीदाराच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

तारीख परदेशाशी बांधलेली असेल तर व्हिसाचे नियम प्रेमाच्या आधी वाचावेत. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीच्या पतीला किंवा पत्नीला एच-४ हा व्हिसा मिळतो. तो वाङ्‌निश्चय झालेल्यांना मिळत नाही, आणि त्यावर नोकरीची परवानगी आपोआप येत नाही, तर मुख्यतः जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल तर ती मागता येते. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ वर नोकरी करताच येत नाही. वाग्दत्त जोडीदारासाठीचा के-१ हा व्हिसा फक्त अमेरिकी नागरिक मागू शकतात, आणि त्यासाठी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. जर्मनीत पती-पत्नीला कुटुंब म्हणून बोलावता येते आणि तेथे आल्यावर नोकरीही करता येते, पण जाणाऱ्याला सहसा जर्मन भाषेची ए-१ ही प्राथमिक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; तिकडचा जोडीदार ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर, असेल तर मात्र ही अट लागत नाही. कॅनडात लग्नाशिवायचे सहजीवन मान्य आहे, पण त्यासाठी सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो, आणि दूर राहणाऱ्यांकडे नेमका तोच नसतो. हे नियम बदलत राहतात. त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ते स्वतः वाचावेत, मित्राच्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. आम्ही लग्नाचा हॉल आधी ठरवला आणि व्हिसाच्या भेटीची वेळ नंतर शोधायला गेलो. लग्नानंतर पुण्यात एकटीने काढलेल्या त्या चार महिन्यांना दुसरे कोणी जबाबदार नव्हते.

कागदावरची तारीख पाळली जाईलच असे नाही. म्हणून तिच्याखाली दुसरी तारीख लिहावी, ती फेरविचाराची. दर सहा महिन्यांनी दोघांनी कागद उघडायचा आणि काय बदलले ते लिहायचे. पहिली तारीख एकदा पुढे गेली तर समजून घ्यावे. दुसऱ्यांदा गेली तर कारण विचारावे. तिसऱ्यांदा जात असेल तर आठवी पायरी वाचावी.

तिसरी पायरी: घड्याळाशी तह करा

देशातल्या देशात ही पायरी सोपी आहे, परदेशासाठी नाही. भारतीय वेळेत बदल होत नाही, पण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते; अमेरिकेच्या बहुतेक भागांत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. त्यामुळे पुणे आणि म्यूनिक यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचे, उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर पडते. न्यू जर्सीशी ते साडेदहा आणि साडेनऊ तासांचे, तर कॅलिफोर्नियाशी साडेतेरा आणि साडेबारा तासांचे असते. जर्मनीशी बोलायला आपली रात्र आणि त्यांची संध्याकाळ जुळते. न्यू जर्सीसाठी आपली सकाळ बरी: येथे साडेसात वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे नऊ किंवा दहा वाजलेले असतात. एक उठून ताजा आणि दुसरा दिवसभर राबून थकलेला, हे लक्षात ठेवले तर अर्धे गैरसमज होतच नाहीत. त्याचा आवाज उतरलेला आहे तो झोपेने, तुमच्यामुळे नव्हे.

रोज बोलायलाच हवे, हा नियम करू नये. रोजचा तासाभराचा व्हिडिओ कॉल दोन महिन्यांत हजेरीपटासारखा होतो. आमच्या कामी आली ती व्यवस्था अशी होती: आठवड्यातून दोन ठरलेले कॉल, जे अगदी ताप असल्याशिवाय मोडायचे नाहीत, बाकीच्या दिवशी ज्याला जेव्हा जमेल तेव्हा आवाजी संदेश. आवाजी संदेशाचा मोठा फायदा असा की तो स्वयंपाक करताना ऐकता येतो आणि त्याला लगेच उत्तर द्यावे लागत नाही. ठरलेला कॉल रद्द करणाऱ्याने त्याच संदेशात नवी वेळ द्यावी. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण ‘आज नको’ आणि ‘आज नको, उद्या साडेनऊला’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. जोडीदार दुबई-अबू धाबीकडे जाणार असेल तर तेथे व्हॉट्सॲपवरून संदेश जातात पण कॉल सहसा लागत नाहीत, हे आधीच लक्षात घेऊन तेथे परवानगी असलेले ॲप दोघांनी उतरवून ठेवावे.

चौथी पायरी: बोलण्याला विषय द्या

‘जेवलास का’, ‘काय जेवलास’, ‘अजून काय’ या तीन प्रश्नांवर पुष्कळ नाती आडवी होतात. कारण साधे आहे. एका घरात राहणाऱ्यांना विषय काढावा लागत नाही. नळाला पाणी आले नाही, शेजाऱ्यांनी गाडी आडवी लावली, हेच संभाषण असते. दूर असताना आपण या गोष्टी ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून गाळतो आणि मग सांगण्यासारखे काही उरत नाही. म्हणून बारीकसारीक सांगावे, नावानिशी सांगावे. ऑफिसातल्या माणसांची नावे, घरमालकाची तऱ्हा, रोजच्या बसचा कंडक्टर या पात्रांची जोडीदाराशी ओळख झाली की पुढच्या कॉलला कथा आपोआप पुढे सरकते.

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिली दोन नायगावहून आणि तिसरे दुष्काळात जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेले आहे. त्यांत विरहाचे उसासे नाहीत. भावाशी झालेला वाद आहे, गावात एका जोडप्यावर आलेला जीवघेणा प्रसंग आणि त्यात आपण काय केले ते आहे, दुष्काळातल्या कामाचा वृत्तान्त आहे. दोन माणसे एका कामात असली की पत्र कसे भरते, याचा याहून चांगला नमुना मराठीत मला ठाऊक नाही. आपल्याकडे तेवढे मोठे काम नसेल. तरी लहानसे समान काम घ्यावे. एकच पुस्तक दोघांनी वाचणे, एकाच वेळी दोन्हीकडे भाकरी थापण्याचा प्रयत्न करणे (त्याची म्यूनिकमधली भाकरी चार महिने नकाशासारखी येत होती), किंवा पुढे राहायच्या घराचा खर्च एका सामायिक तक्त्यात लिहीत जाणे, यांपैकी काहीही चालेल.

आणि एक सूचना, जी मला उशिरा सुचली: दर कॉलमध्ये एक तरी कमीपणाची गोष्ट सांगावी. आज साहेबांनी झापले, आज आईवर विनाकारण ओरडले, आज अंघोळ केली नाही. वर सांगितलेला उजळा याने उतरतो.

पाचवी पायरी: भांडणाचे नियम शांततेत ठरवा

एका घरात भांडण झाले तर अबोल्यातही चहा पुढे येतो. दुरून अबोला म्हणजे काळा पडदा. त्यामुळे तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. लेखी संदेशांवर भांडायचे नाही. तीन उत्तरांत विषय मिटला नाही तर फोन करायचा, आणि तो शक्य नसेल तर केव्हा करू ते कळवायचे. फोन मधेच ठेवायचा असेल तर ठेवता येईल, पण ‘मला आता बोलता येत नाही, उद्या सकाळी आठला मीच करते’ एवढे म्हणून ठेवायचा. परतीच्या गाडीच्या किंवा विमानाच्या आदल्या रात्री नवा विषय काढायचा नाही. ती रात्र तशीही नाजूक असते आणि त्या रात्रीचे शब्द पुढचे तीन महिने घोळत राहतात.

संशयाबद्दल थोडक्यात सांगते. एकमेकांचे पासवर्ड घेणे, सतत लोकेशन चालू ठेवायला लावणे, ‘लास्ट सीन’ तपासणे यांनी संशय फिटत नाही, त्याला खाद्य मिळते. त्याऐवजी जोडीदाराच्या तिथल्या मित्रमैत्रिणींशी कॉलवर ओळख करून घ्यावी. तसेच खासगी छायाचित्रे आणि व्हिडिओ यांबाबत दोघांपैकी एकाचाही नकार असेल तर तो तेथेच मानावा. दूर आहोत म्हणून ‘एवढे तरी कर’ हे म्हणणे दडपण आहे आणि त्याला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

सहावी पायरी: भेटी, रजा आणि पैसा

वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी आपल्या रजांची यादी समोरासमोर ठेवून भेटींचे दिवस ठरवावेत आणि एक भेट संपण्यापूर्वी पुढचीचे तिकीट, निदान तारीख, ठरलेली असावी. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दिवाळीला नागपूरहून पुण्याला यायचे असेल तर त्या साठाव्या दिवशी सकाळी आठला तयार बसावे, कारण सणाच्या गाड्या पाहता पाहता वेटिंगवर जातात. ते हुकले तर तत्काळ उरते: गाडी तिच्या मूळ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला. रात्रभराच्या अंतरावर असलेल्यांनी शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परतण्याचा मोह दर आठवड्याला धरू नये. महिन्यातून एकदा नीट झोपून, नीट जेवून घेतलेली भेट चार अर्धवट भेटींपेक्षा बरी पडते.

खर्च कोणाचा, हा विषय संकोचाने झाकला जातो आणि मग कुजतो. माझ्या मते निम्मा-निम्मा खर्च हा न्याय नव्हे. एकाचा पगार ९० हजार आणि दुसऱ्याचा ४५ हजार असेल तर भेटींचा खर्च दोनास एक या प्रमाणात वाटावा. वर्षाचा अंदाज ७२ हजार रुपये निघाला तर एकाने महिन्याला चार हजार आणि दुसऱ्याने दोन हजार वेगळे काढावेत. एकजण युरोत कमावत असेल तर फरक याहून मोठा असेल, पण तरीही दुसऱ्याचा वाटा शून्य करू नये. ज्याचा पैसा त्याची सोय, असे वेळापत्रक नकळत बनत जाते. प्रवास करणाऱ्याचा थकवाही खर्चात धरावा आणि आळीपाळीने जावे. नेहमी एकच जण गाडीत बसत असेल तर नाते एका खांबावर उभे आहे.

भेटीचा पहिला दिवस ओशाळा जातो, हे कोणी सांगत नाही. महिनोन्‌महिने पडद्यावर पाहिलेला माणूस समोर येतो आणि बोलणे सुचत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्या दिवशी पाहुण्यांकडे जेवायला जाण्याचे बेत मात्र आखू नयेत. आणि प्रत्येक भेटीत एक पूर्ण दिवस साध्या कामांचा ठेवावा: बँक, कपडे धुणे, भाजी, दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर काम करणे. सलग फिरणे, हॉटेले आणि फोटो यांनी माणूस कळत नाही. तो कळतो सिलिंडर संपल्यावर.

सातवी पायरी: घरी केव्हा आणि कसे सांगायचे

आपल्याकडे दूरच्या नात्याची खरी कसोटी येथे लागते. गावातला मुलगा असता तर कोणाच्या तरी लग्नात, गणपतीच्या आरतीला तो दिसला असता. बाहेरगावचा जोडीदार घरच्यांच्या दृष्टीने नसतोच. मग स्थळे येऊ लागतात, पत्रिका जुळवल्या जातात, आणि ‘अजून नको’ हे उत्तर दुसऱ्या वर्षी चालत नाही. म्हणून दुसऱ्या पायरीतला कागद तयार झाला की घरी सांगण्याचा महिनाही ठरवावा. त्या आधी सांगितले तर ‘मग करणार काय तुम्ही’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते.

सांगताना एकाच वेळी सगळ्यांना न बसवता आधी एका माणसाला सांगावे, ज्याचे घरात ऐकले जाते: मावशी, मोठा भाऊ, आत्या. माझ्या वेळी ते काम काकूने केले. मग व्हिडिओ कॉलवरची ओळख, त्यानंतर पुढच्या रजेत प्रत्यक्ष भेट, असा क्रम ठेवावा. पहिला व्हिडिओ कॉल लहान असावा, पंधरा-वीस मिनिटांचा, आणि शक्यतो सणाच्या निमित्ताने, म्हणजे बोलायला फराळ तरी असतो. आईवडिलांचा आक्षेप जातीधर्माचा आहे, दूर जाण्याचा आहे, की केवळ न पाहिलेल्या माणसाबद्दलच्या भीतीचा, हे ओळखावे, कारण तिसऱ्याला भेटीचे औषध चालते, दुसऱ्याला वेळेचे, आणि पहिल्यासाठी तुम्हा दोघांना आपला निर्णय घरच्यांविनाही उभा राहतो का, हे आधी तपासावे लागते. ज्या नात्यात एकाने घरी सांगितले आहे आणि दुसरा दीड वर्षे ‘योग्य वेळ’ शोधतो आहे, तेथे वेळ शोधली जात नसते.

आठवी पायरी: थांबायचे केव्हा

तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली आणि प्रत्येक वेळी कारण नवे निघाले. भेटीचा बेत नेहमी तुम्हीच आखता. चांगली बातमी कळल्यावर पहिला फोन आता दुसऱ्याच कोणाला जातो. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे एकत्र येण्याच्या कल्पनेने आनंदाऐवजी दडपण येते, कारण दूर राहणे सोयीचे झाले आहे. यांपैकी एखादी गोष्ट तात्पुरती असू शकते. दोन-तीन एकत्र दिसत असतील तर स्पष्ट बोलावे. नाते थांबवायचेच असेल तर संदेश पाठवून थांबवू नये. प्रवास शक्य असेल तर भेटून, नसेल तर ठरवून केलेल्या व्हिडिओ कॉलवर सांगावे, आणि समोरचा माणूस परक्या गावात एकटा असेल तर त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोणी मित्र असेल याची विचारपूस आधी करून ठेवावी.

नववी पायरी: एकत्र येण्याची तयारी

लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करणार असाल तर रजेचे गणित कायद्यावरून मांडावे. दोघांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य केले आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी जातात. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर ती रद्द होऊन पुन्हा द्यावी लागते. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे तीन आठवड्यांच्या रजेत नोटीस आणि लग्न ही दोन्ही कामे बसत नाहीत. नोटिशीची व्यवस्था आधीच्या फेरीत किंवा येथे राहणाऱ्याच्या जिल्ह्यातून आधी करून ठेवावी लागते. धार्मिक विधीने लग्न केले तरी नोंदणीचा दाखला लगेच काढावा, नावांचे स्पेलिंग दोघांच्या पासपोर्टाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे, आणि परदेशी जायचे असेल तर त्या दाखल्यावर कोणते प्रमाणीकरण लागते ते आधी विचारून घ्यावे. एका अक्षराच्या चुकीसाठी पुन्हा तीन आठवडे घालवलेली माणसे मला माहीत आहेत.

कायमचे एकत्र येण्यापूर्वी, घरची आणि दोघांची तयारी असेल तर, सलग तीन-चार आठवडे एका गावात काढावेत. एका घरात शक्य नसेल तर एका गावात तरी. या काळात दोघांचेही काम चालू असावे. सुट्टीवरचा जोडीदार आणि सोमवारी सकाळचा जोडीदार ही दोन वेगळी माणसे असतात.

मग प्रत्यक्ष पहिले तीन महिने. वर उल्लेखलेल्या अभ्यासातली पडझड याच टप्प्यात झाली होती. तिचे कारण कळण्यासारखे आहे: दूर असताना आपले वेळापत्रक, आपला पसारा, आपली शांतता शाबूत असते, जवळ आल्यावर ती जाते आणि तिची आठवण येते, तेव्हा माणूस घाबरून ‘माझे प्रेम कमी झाले’ असा अर्थ काढतो. म्हणून घरात एक कोपरा आणि आठवड्यात एक संध्याकाळ प्रत्येकाची स्वतंत्र ठेवावी. हलून आलेल्या माणसाला तेथे स्वतःचे बँक खाते, स्वतःचे वाहतुकीचे कार्ड आणि जोडीदाराखेरीज एक ओळख पहिल्या महिन्यातच मिळवून द्यावी. म्यूनिकला मी आले तेव्हा पहिले सहा आठवडे दुकानात काय म्हणायचे तेही त्यालाच विचारत होते आणि त्याच्यावरच चिडत होते. भाषेच्या वर्गात एक नाशिककर मैत्रीण मिळाली त्या दिवसापासून घरातली धुसफूस निम्म्यावर आली. ठरलेले दोन कॉल आम्ही बंद केले नाहीत, त्यांची जागा बदलली. बुधवार आणि रविवार, रात्री साडेनऊ, स्वयंपाकघरातले टेबल, फोन दुसऱ्या खोलीत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो जुना कागद काढून त्यावर नव्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही पुन्हा स्वतंत्रपणे लिहिली: काय जमते आहे, काय खुपते आहे, आणि पुण्याला परतायचे का, तर केव्हा. तिसऱ्याचे उत्तर अजून जुळलेले नाही. पुढची तारीख मार्चमधली आहे.